झादरचा उंच गडी

1973 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील यूटा राज्यातून एक चोवीस वर्षांचा तरुण आपली चीजवस्तू आवरून घरी जाण्यास निघाला. उंची सहा फूट अकरा इंच, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि हात इतके लांब की बसल्या जागी कोठे ठेवावेत असा प्रश्न पाहणाराला पडावा. अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या दोन प्रतिस्पर्धी संघटना त्या काळी चांगल्या खेळाडूंसाठी एकमेकींवर कुरघोडी करीत होत्या आणि त्या चढाओढीत खेळाडूंचे भाव गगनाला भिडत होते. या तरुणावर दोन्हीकडच्या संघांनी हक्क नोंदविला होता. होकार द्यावयाचा अवकाश, की साम्यवादी देशातील एका लहानशा बंदरगावच्या या मुलाने स्वप्नातही न पाहिलेला पैसा त्याच्या दाराशी येता. तो नाही म्हणाला, आणि आपल्या गावी परत गेला.

त्याचे नाव क्रेशिमिर चोसिच. गावचे लोक त्याला क्रेशो म्हणत. आपल्याकडे क्रिकेटची आणि कुस्तीची चरित्रे घरोघर ठाऊक असतात. बास्केटबॉल मात्र शाळेच्या पटांगणात मुले खेळतात तेवढाच, आणि त्यातल्या थोर पुरुषांची नावे आपल्या कानांवर क्वचितच पडतात. परंतु परदेशी शिकायला गेलेला मुलगा परत येणार की तिकडचाच होणार, ही काळजी ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली आहे त्यांना या माणसाची हकीकत परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी हुशार मुलांना विलायतेस आणि अमेरिकेस धाडले ते परत येऊन संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर, हे बडोद्याच्या जुन्या मंडळींस सांगावयास नको. क्रेशोकडून असा कागद कोणी लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही.

झादर हे गाव एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, दाल्मेशिया प्रांतात आहे. रोमन लोकांच्या चौकाचे दगड तेथे अजून उघड्यावर पडलेले आहेत आणि त्यांच्याच शेजारी नवव्या शतकातील संत दोनातचे गोल देऊळ उभे आहे. पहिल्या महायुद्धानंतर हे गाव इटलीकडे गेले; दुसऱ्या महायुद्धात 1943 आणि 1944 या दोन वर्षांत दोस्तांच्या विमानांनी त्यावर इतका बाँबवर्षाव केला की जुन्या गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. युद्ध संपल्यावर ते युगोस्लाव्हियात आले. इटालियन कुटुंबे निघून गेली होती, घरे पडली होती, आणि जे उरले व जे नव्याने आले त्यांना एकत्र बांधील असे फारसे काही नव्हते. 1945 साली तेथे बास्केटबॉलचा संघ निघाला. पुढे त्या गावाचे या खेळावर असे प्रेम जडले, की देवाने माणूस घडविला खरा, पण बास्केटबॉल मात्र झादरने घडविला, असे तेथील लोक गमतीने आणि थोडे गंभीरपणेही सांगू लागले.

चोसिचचा जन्म 26 नोव्हेंबर 1948 रोजी झाग्रेबला झाला, पण वाढला तो झादरमध्येच. मुलगा भराभर उंच होत होता. अशा मुलाच्या बाबतीत सगळ्या जगातले शिक्षक एकच चूक करतात: त्याला टोपलीखाली उभा करतात आणि चेंडू वरच्या वर झेलून आत टाक, एवढेच सांगतात. क्रेशोच्या बाबतीत ती चूक झाली नाही, किंवा झाली असली तरी त्याने ती मानली नाही. ठेंगणी पोरे चेंडू जसा जमिनीवर आपटीत पळवितात तसा तो पळवी. पाठीमागून, काखेखालून, न पाहता दुसऱ्याच्या हाती देई. आणि लहर लागली की लांबून, उंचापुऱ्या गड्याने जेथून नेम धरू नये अशा जागेवरून, तो चेंडू टोपलीत सोडी. अशा उंचीचा आणि अशा हातांचा गडी युरोपने तोपर्यंत पाहिला नव्हता. त्याच संघात योसिप जेर्जा हा बुटकेला, चपळ आणि अत्यंत जिद्दी गडी होता. तो चेंडू पुढे आणी आणि हा उंच पोरगा त्याचे सोने करी.

संघाने 1965 साली देशाचे अजिंक्यपद मिळविले तेव्हा क्रेशो अवघा सोळा वर्षांचा होता. 1967 आणि 1968 सालीही तेच. झादरला साजेसे बंदिस्त क्रीडागृह तोपर्यंत नव्हते; ते यासिने भागात 1968 साली बांधून झाले. त्याच वर्षी हा संघ युरोपातील विजेत्या संघांच्या करंडकात उपांत्य फेरीपर्यंत गेला.

राष्ट्रीय संघात त्याची निवडही लवकरच झाली. 1967 साली उरुग्वेत झालेल्या जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हिया दुसरा आला, आणि 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात बलाढ्य सोव्हिएट संघाला 63 विरुद्ध 62 अशा एका गुणाने हरवून त्यांनी रौप्यपदक घेतले. अंतिम सामन्यात अमेरिकेपुढे त्यांचे काही चालले नाही. त्या वेळी क्रेशोचे वय एकोणीस. अमेरिकन लोक हा खेळ कसा खेळतात हे त्याने मेक्सिकोत जवळून पाहिले, आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकेस गेला.

तो गेला कोठे, हेही पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया नाही. यूटामधील प्रोव्हो या डोंगराच्या पायथ्याच्या गावी, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात. हे विद्यापीठ मॉर्मन पंथाचे. तेथे मद्य वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, चहा आणि कॉफीसुद्धा वर्ज्य. आणि हा मुलगा आला होता अशा गावाहून, की ज्याचे नाव जगात चेरीच्या मद्यासाठी गाजलेले, आणि जेथे कॉफीचा पेला पुढ्यात घेऊन तासन्‌तास बसणे हाच पुरुषांचा संध्याकाळचा उद्योग. जन्माने तो कॅथलिक आणि देश साम्यवादी. फिनलंडचा व्हेइको वाइनिओ हा खेळाडूही त्याच विद्यापीठात होता, एवढाच काय तो युरोपचा सोबती.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेऊ नये असा त्या वेळचा नियम असल्यामुळे तो खऱ्या अर्थाने 1970 च्या हिवाळ्यात मैदानात उतरला. आणखी एक नियम येथे सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून त्याच्या तेथील यशाचे मोल कळणार नाही. उंच गड्यांनी उडी मारून चेंडू वरूनच टोपलीत खुपसणे अमेरिकेतील कॉलेजच्या खेळात 1967 पासून 1976 पर्यंत बंद होते. म्हणजे उंचीचा जो सर्वांत सोपा फायदा, तो क्रेशोला तेथे मिळणारच नव्हता. इतर उंच गड्यांचे या नियमाने हात बांधले गेले. याचे मात्र काही बिघडले नाही. हा आधीपासूनच हाताच्या हलकेपणावर आणि डोळ्याच्या नेमावर खेळत आला होता.

तीन हंगाम तो तेथे खेळला. 1971 आणि 1972 साली विद्यापीठाने आपल्या विभागाचे अजिंक्यपद मिळविले. 1971 साली राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने अडविले, आणि तोच संघ पुढे त्या वर्षीचा विजेता ठरला. 1971-72 च्या हंगामात क्रेशोने सामन्यामागे सरासरी बावीसच्या वर गुण केले. त्याच हंगामात प्रोव्होला बावीस हजारांवर लोक बसतील असे नवे क्रीडागृह उघडले. झादरच्या वस्तीचा बराचसा भाग त्यात मावला असता. लोक येत ते केवळ जिंकणे पाहण्यासाठी येत नसत. हा उंच परदेशी पोरगा आज काय गंमत करतो, कोणाला हुलकावणी देतो, हे पाहण्यासाठी येत. चुकला तर स्वतःच हसे, आणि एखादा चमत्कार साधला तर प्रेक्षकांकडे वळून हात उडवी. 1972 आणि 1973 अशी दोन वर्षे देशातील निवडक कॉलेज खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव आले. अमेरिकेबाहेरून आलेल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

याच काळात त्याच्या आयुष्याला दुसरे एक वळण लागले. 1971 सालच्या नोव्हेंबरात त्याने मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. मुळात तो त्या विद्यापीठात गेला तो खेळासाठी. पण तेथील ह्यू निब्ली या विद्वान अध्यापकाशी त्याचा स्नेह जुळला आणि प्रश्न विचारता विचारता तो त्या मार्गाला लागला. या गोष्टीचे आश्चर्य त्याच्या गावी अधिक वाटले. धर्म बदलावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ज्या देशात धर्माचे नाव उघडपणे घेतल्याने सरकारदरबारी माणसाचे वजन कमी होत असे, तेथे परत जाऊन त्याने आपला पंथ कधी लपविला नाही. पुढे त्या पंथाच्या धर्मग्रंथाच्या क्रोएशियन भाषांतराच्या कामी त्याने परिश्रम घेतले आणि गावोगावच्या लहान मंडळ्या उभ्या केल्या. चार लोकांत वेगळे दिसण्याची सवय त्याला उंचीने लहानपणीच लावलेली असावी.

आता त्या नकाराकडे वळू. 1972 साली पोर्टलंडच्या संघाने त्याच्यावर हक्क नोंदविला, पण तो दहाव्या फेरीत. म्हणजे बाकीचे सारे चांगले खेळाडू वाटून झाल्यावर. 1973 साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने पाचव्या फेरीत त्याला निवडले, आणि दुसऱ्या संघटनेतील कॅरोलायनाच्या संघानेही त्याचे नाव घेतले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. युरोपातला गडी धंदेवाईक खेळात टिकेल यावर त्या काळी तिकडे कोणाचा फारसा विश्वास नव्हता. त्यामुळे साऱ्या अमेरिकेने त्याच्यापुढे पायघड्या घातल्या होत्या आणि त्याने त्या पायाने दूर सारल्या, असे जे काही लोक लिहितात त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. पैसा मिळणार होता, आणि तो भरपूर होता, हे मात्र खरे.

परंतु त्या पैशाला एक अट होती आणि ती कोणा एका संघाने घातलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल हा तेव्हा हौशी लोकांचा खेळ मानला जाई. अमेरिकेच्या धंदेवाईक संघाशी एकदा करार केला, की त्या खेळाडूला ऑलिंपिकचे आणि जागतिक स्पर्धांचे दार बंद होई. हा नियम 1989 सालापर्यंत टिकला. युरोपातील खेळाडूंनाही त्यांचे संघ या ना त्या रूपाने पैसे देत असत. तरी कागदोपत्री ते हौशीच राहत. त्यात सोंग होते हे सर्वांना ठाऊक होते. पण नियम तो नियम, आणि त्यामुळे क्रेशोपुढे सरळ निवड होती: अमेरिकेचा पैसा, नाही तर देशाचा संघ. युगोस्लाव्हियाचा संघ 1970 साली ल्युब्लियाना येथे घरच्या प्रेक्षकांसमोर प्रथमच जगज्जेता झाला होता, आणि त्या स्पर्धेत अमेरिकेला 70 विरुद्ध 63 असे हरविणाऱ्यांत क्रेशो होता. पुढच्या वर्षी युरोपच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली होती. मात्र 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये हाच संघ पाचव्या क्रमांकावर घसरला होता. अर्धे राहिलेले काम टाकून जाणे जिवावर येते, हे ज्याने संसार केला आहे त्याला कळेल. शिवाय घरची ओढ होती, नव्या पंथाचे काम होते. एका निर्णयामागे एकच कारण असते असे मानण्याचे काही कारण नाही.

तो परत आला आणि झादरला पुन्हा भरती आली. 1974 आणि 1975 साली संघाने देशाचे अजिंक्यपद परत घेतले. पण खरे पीक आले ते राष्ट्रीय संघात. 1973 साली बार्सिलोना येथे युगोस्लाव्हियाने युरोपचे पहिले सुवर्णपदक मिळविले. 1975 साली बेलग्रेडला दुसरे आणि 1977 साली बेल्जममधील लिएज येथे तिसरे. 1974 च्या जागतिक स्पर्धेत आणि 1976 च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये रौप्य. 1978 साली मनिला येथे जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत, 82 विरुद्ध 81 अशा एका गुणाने, सोव्हिएट संघावर विजय. आणि शेवटी 1980 साली मॉस्को येथे इटलीला हरवून ऑलिंपिकचे सुवर्णपदक. अमेरिकेने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरी यजमान सोव्हिएट संघ तेथे होता आणि तो मागे पडला, हेही तितकेच खरे. ऑलिंपिक, जागतिक आणि युरोपीय स्पर्धा मिळून क्रेशोची पदके चौदा भरतात. देशासाठी तो 303 सामने खेळला.

त्या संघात सर्बियातला किचानोविच होता, हर्झेगोविनातील मोस्तारचा दालिपागिच होता, बोस्नियातील तुझ्लाचा देलिबाशिच होता. भाषा जवळजवळ एक, पंथ निरनिराळे, घरे निरनिराळ्या प्रांतांत. उंच क्रोएशियन मधोमध उभा राही आणि चेंडू सर्वांना वाटून देई. पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे आज ते जुने चित्रपट पाहताना मन चरकते. खेळणाऱ्यांना त्या वेळी तसे काही वाटत नसावे.

परदेशात धंदेवाईक खेळाडू म्हणून तो शेवटी गेलाच, पण ते आपल्या वेळेने. चांगल्या खेळाडूला अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत देशाबाहेरच्या संघात जाऊ द्यावयाचे नाही असा युगोस्लाव्हियाचा दंडक होता. क्रेशो 1976 साली झादर सोडून ल्युब्लियानाच्या ओलिंपिया संघात गेला आणि 1978 साली, तिशीला टेकलेला असताना, इटलीतील बोलोन्याच्या संघात. झादरहून समुद्र ओलांडला की इटलीच. जुन्या झादरकरांना तर ती भाषाही परकी नव्हती. तेथे तो दोन हंगाम राहिला आणि 1979 व 1980 या दोन्ही वर्षी बोलोन्याने इटलीचे अजिंक्यपद घेतले. इटलीतील संघात खेळूनही तो मॉस्कोला देशाकडून खेळू शकला, कारण युरोपातल्या संघांना तो हौशीपणाचा नियम आड येत नव्हता. त्याच खेळाचे अमेरिकेत पैसे घेतले तर पाप आणि बोलोन्यात घेतले तर पुण्य, हा न्याय कोणाच्या डोक्यातून निघाला असेल तो असो.

मग तो झाग्रेबच्या त्सिबोना संघात आला. 1982 साली या संघाने देशाचे अजिंक्यपद तर मिळविलेच, पण ब्रुसेल्स येथे जादा वेळेपर्यंत ताणलेल्या सामन्यात रिआल माद्रिदला 96 विरुद्ध 95 असे हरवून युरोपीय करंडकविजेत्यांचा करंडकही आणला. 1983 साली त्याने खेळणे थांबविले.

शिक्षक म्हणून त्याचे चरित्र लहान आहे, पण माझ्या मते तोच भाग सर्वांत रसाळ. 1985 साली राष्ट्रीय संघ त्याच्या हाती आला. जुने गडी थकले होते. 1986 साली माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत त्याने व्लादे दिवात्स या अठरा वर्षांच्या सर्बियन मुलाला संघात घेतले. मुलगा उंच होता, आणि उंच असूनही चेंडू वाटून देण्याची त्याला आवड होती; गुरूला त्यात काय दिसले असेल ते सांगावयास नको. उपांत्य सामना सोव्हिएट संघाशी. शेवटचे मिनिट उरले नव्हते आणि युगोस्लाव्हिया नऊ गुणांनी पुढे होता. लोक उठून निघण्याच्या तयारीत असताना सोव्हिएट गड्यांनी लांबून तीन गुणांचा एक चेंडू टाकला, पाठोपाठ दुसरा. अशा वेळी चेंडू नुसता हाती धरून ठेवावयाचा असतो. तो आला नेमका दिवात्सच्या हाती. आणि मुलाने गडबडून तो दोनदा आपटीत नेला. नियमभंग झाला, चेंडू गेला, तिसरा नेम लागला, बरोबरी झाली. जादा वेळेत सामना 91 विरुद्ध 90 असा हातचा गेला. युगोस्लाव्हियाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

असा घाव बसल्यावर एखाद्या शिक्षकाने त्या मुलाला वर्षभर बाजूला बसविले असते आणि कोणी त्याला दोष दिला नसता. चोसिचने पुढच्या वर्षी अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेला दिवात्सला नेले. इतकेच नव्हे तर त्याच्याच वयाचे कुकोच, राजा आणि जोर्जेविच हेही बरोबर घेतले. द्राझेन पेत्रोविच तर होताच. पुन्हा कांस्यपदकच मिळाले. पण पुढची काही वर्षे युरोपात ज्यांच्यासमोर कोणी उभे राहू शकले नाही, तो संघ जुळला तो या वेळी. त्याची सुवर्णपदके दुसऱ्या शिक्षकाच्या काळात लागली. झाड लावणारा आणि फळ खाणारा वेगळा असणे हे काही बास्केटबॉलपुरते नाही. अथेन्सनंतर तो एक हंगाम आपल्या जुन्या बोलोन्याच्या संघाचाही शिक्षक होता.

1989 साली तो हौशीपणाचा नियम उठला. त्याच वर्षी पेत्रोविच आणि दिवात्स अमेरिकेस गेले. आता त्यांना देश आणि पैसा यांतून एकाची निवड करावयाची नव्हती. पेत्रोविच गेला पोर्टलंडला आणि दिवात्स लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी ज्या दोन संघांनी क्रेशोचे नाव घेतले होते, नेमके तेच हे दोन. उंच गड्याने चेंडू वाटावा, बाहेर येऊन नेम धरावा, हे दिवात्सने लेकर्समध्ये करून दाखविले तेव्हा अमेरिकन प्रेक्षकांस त्याचे नवल वाटले. प्रोव्होतल्या म्हाताऱ्या प्रेक्षकांस वाटले नसावे. क्रेशो 1973 साली तिकडे राहिला असता तर काय करता, यावर युरोपात अजून वाद चालतात. माझ्या मते तो अंगाने फार सडपातळ होता आणि त्या वेळच्या धंदेवाईक खेळातील धक्काबुक्की त्याला जाचली असती. पण हात आणि डोळा यांत तो कोणालाही हार जाता ना. हा हिशेब कधी पुरा होणार नाही.

दोन वर्षांत देश फुटला. 1991 साली क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्याच शरद ऋतूत झादरवर पुन्हा तोफगोळे पडू लागले. या वेळी ते परक्या विमानांतून आलेले नव्हते. ज्यांनी एका रंगाचे कपडे घालून 1986 चा तो सामना एकत्र हरला होता, त्यांपैकी पेत्रोविच आणि दिवात्स यांचे बोलणे बंद झाले. त्यांच्या गुरूने कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच नव्हता. तो क्रोएशियन होता आणि त्याचे गाव जळत होते. नव्या सरकारने त्याला वॉशिंग्टनच्या वकिलातीत पाठविले. ज्याला आठवणीने ओळखणारे लोक अमेरिकेत होते असा माणूस नव्या, लहान आणि फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या राष्ट्राला उपयोगीच पडणार. अशा रीतीने, अमेरिका सोडल्याला जवळजवळ वीस वर्षे झाल्यावर तो पुन्हा अमेरिकेत राहावयास गेला. ज्या देशासाठी ती सोडली होती, तो देश तोवर नकाशावर उरला नव्हता.

1993 सालच्या जून महिन्यात पेत्रोविच जर्मनीत मोटारीच्या अपघातात गेला. त्यानंतर दोन वर्षे पुरी होतात न होतात तोच, 25 मे 1995 रोजी, बाल्टिमोर येथे चोसिचचे कर्करोगाने निधन झाले. वय सेहेचाळीस. क्रोएशियातील युद्ध तेव्हा अजून संपावयाचे होते. त्याला झाग्रेबच्या मिरोगोय स्मशानभूमीत पुरले. पेत्रोविचही तेथेच आहे.

मॅसॅच्युसेट्समधील ज्या स्प्रिंगफील्ड गावी 1891 साली हा खेळ जन्मास आला, तेथील थोर खेळाडूंच्या दालनात त्याचे नाव 1996 साली, म्हणजे मरणानंतर एका वर्षाने, लागले. प्रोव्होच्या विद्यापीठाने त्याचा अकरा क्रमांकाचा सदरा 2006 साली आपल्या क्रीडागृहात टांगला. क्रोएशियाच्या राष्ट्रीय करंडकाला त्याचे नाव आहे. झादरला विश्निक भागात नवे, मोठे क्रीडागृह 2008 साली उघडले, त्यालाही त्याचेच नाव दिले आहे. गावचा संघ आता तेथे खेळतो.